हा मावा बर्फीतला नाही!

रविवारची सकाळ. कांदेपोहे तयार. आता वरून फक्त कोथिंबीर पेरायची बाकी. तीही मंडईतली नाही बरं का, घरची! स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये, आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात मी स्वतः लावलेली. मी ऐटीत कात्री घेऊन हात बाहेर काढला, मूठभर कापली आणि पोह्यांवर भुरभुरवणार तोच रूममेट किंचाळली, ‘‘अगं, कोथिंबीर चालतेय!’’

खरंच चालत होती. पानांच्या मागे आणि कोवळ्या दांड्यांवर हिरवट-पिवळट, खसखशीएवढे ठिपके. डोळे बारीक करून बघितलं तर प्रत्येक ठिपक्याला पाय! पोहे कोथिंबिरीशिवाय खाल्ले आणि थेट आईला फोन लावला.

‘‘मावा पडलाय गं. ढगाळ हवा आहे ना दोन दिवस,’’ आई शांतपणे म्हणाली.

‘‘मावा? बर्फीतला?’’

पलीकडून जे ऐकू आलं ते इथे छापण्यासारखं नाही. आई तासगावची. द्राक्षाच्या पट्ट्यातली. तिच्या माहेरी ढग आले की माणसं आधी आभाळाकडे बघतात आणि मग बागेकडे धावतात. तिची मुलगी मात्र पुण्यात राहून मास कॉम करते, शब्दांवर पोट भरते आणि तिला मावा फक्त मिठाईच्या दुकानातला माहीत!

मंडळी, हसू नका. तुमच्या ऑफिसातही सध्या कुणी ना कुणी ‘किचन गार्डन’च्या प्रेमात पडलेलं असणारच. डेस्कवर मनी प्लांट आणि घरी खिडकीत सहा कुंड्या. आमच्याही सहाच होत्या. कढीपत्ता, पुदिना, गवती चहा, पानओवा, डब्यातली कोथिंबीर आणि रूममेटच्या हट्टामुळे पास्त्यासाठी बेसिल. सातवी कुंडी तुळशीची. ग्रिलमध्ये जागा नव्हती म्हणून ती बाहेर पॅसेजमध्ये, दाराशी. पुदिना तर फुकटातला. भाजीवाल्याकडच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या, आठवड्यात मुळं फुटली. कुंड्या आणल्या, फोटो काढले, चहात गवती चहा घालून चार जणांना पाजला. एकदम सही चाललं होतं. या बागेत आमच्याशिवाय आणखी कुणी जेवतं, हा विचारच कधी शिवला नव्हता.

जन्मतःच गरोदर

मावा हा प्रकार वाचायला घेतला आणि मी हादरलेच. या बाईसाहेबांना पिल्लं व्हायला नर लागत नाही. अंडी-बिंडी घालण्याचीही भानगड नाही, थेट जिवंत पिल्लू. आणि त्या पिल्लाच्या पोटात पुढचं पिल्लू आधीच वाढत असतं! उबदार हवेत हे पिल्लू आठवडा-दहा दिवसांत स्वतः आई होतं. म्हणजे शुक्रवारी तुम्ही ‘दोन-चारच तर आहेत’ म्हणून सोडून दिलंत आणि लाँग वीकेंडला गोव्याला गेलात, तर परत आल्यावर कुंडीत संमेलन भरलेलं असतं.

मावा पानात सोंड खुपसून रस पितो. त्या रसात साखर भरपूर आणि बाकीचं पोषण कमी, म्हणून तो पितो खूप आणि जास्तीची साखर मागच्या बाजूनं टाकून देतो. पानं चिकट झाली तर समजायचं. त्या चिकट्यावर मग काळी बुरशी धरते आणि मुंग्या येतात. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली की आपण मुंग्यांच्या नावानं बोटं मोडतो. पण त्या बिचाऱ्या पान खायला आलेल्याच नसतात. त्या मावा ‘पाळतात’. त्याचं गोड पाणी पितात आणि बदल्यात त्याला खाणाऱ्या किड्यांना हुसकावून लावतात. चक्क सिक्युरिटी एजन्सी!

कोथिंबिरीचा प्रश्न सोपा होता. ती तशीही दीड महिन्याचीच पाहुणी. सगळी कापली, नळाखाली खळाखळा धुतली, चटणी केली, डब्यात नवे धणे पेरले. किस्सा खतम.

तुळशीची केस मात्र अशी सुटली नाही.

बिनलेबलची बाटली

डिसेंबरच्या शेवटी तुळशीची पानं वळायला लागली. वाटीसारखी आत मुडपलेली, कडेनं तपकिरी. पान उलटं केलं की खाली मिरपुडीसारखे काळे ठिपके. मला वाटलं धूळ असेल. मग ठिपक्यांच्या मधून एक इवलासा चपटा किडा चालला. पंख जाळीदार, लेसचा कपडा घातल्यासारखे. आता मला माहीत आहे की तो तुळशीच्या कुळावर येणारा लेस बग, आणि ते काळे ठिपके म्हणजे त्याची विष्ठा. तेव्हा फक्त एवढंच कळलं की रोज संध्याकाळी दिवा लावायची जागा मरायला टेकली आहे.

आमच्या भागातल्या एका नर्सरीत गेले. काउंटरवरच्या माणसानं पानाकडे एक सेकंद बघितलं, आत गेला आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीत पाव बाटली पांढरट पाणी घेऊन आला. ‘‘मॅडम, यातलं एक झाकण, एक लिटर पाणी. फुल्ल रिझल्ट.’’ पन्नास रुपये. बाटलीवर पाण्याच्या कंपनीचंच लेबल होतं, तेही अर्धं फाटलेलं. मी विचारलं नाही. कशाला विचारणार? डेडलाइन होती, डोकं दुसरीकडे होतं आणि माणूस एवढ्या कॉन्फिडन्सनं देतोय म्हणजे बरोबरच असणार!

रविवारी रात्री पॅसेजमध्ये उभी राहून तुळस न्हाऊमाखू घातली. हात धुतले आणि झोपले.

सोमवारी दहाच्या सुमाराला समोरच्या काकू वाटी परत द्यायला आल्या. (त्यांची वाटी आमच्याकडे, आमची त्यांच्याकडे, हा व्यवहार दोन वर्षं अखंड चालू आहे.) जाता जाता म्हणाल्या, ‘‘तुळस टवटवीत दिसतेय गं आज. सकाळीच दहा-बारा पानं घेतली हो. छोट्याला खोकला झालाय, काढा करून दिला आणि शाळेत पाठवला.’’

छोटा म्हणजे त्यांचा नातू. वय वर्षं सहा.

त्यानंतरची पाच मिनिटं मला नीट आठवत नाहीत. मी काहीतरी बोलले असणार, कारण काकू खाली बसल्या. मग आम्ही दोघी चपला न बदलता कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा : ‘‘कुठलं औषध होतं?’’

मी बाटली पुढे केली. त्यांनी ती फिरवून बघितली, वास घेतला नाही आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की आजही आठवलं की कानाची पाळी गरम होते. ‘‘यावर तर मिनरल वॉटर लिहिलंय.’’

विषबाधेत डॉक्टरांना आधी नाव लागतं. ऑरगॅनोफॉस्फेट असेल तर उपचार वेगळे, दुसरं काही असेल तर वेगळे. नाव नसेल तर फक्त लक्षणं बघत बसायचं. नर्सरी सोमवारी बंद. फोन बंद. काकू रिक्षानं शाळेत गेल्या आणि छोट्याला घेऊन आल्या. छोटे सरकार मजेत होते, उलट गणिताचा तास बुडाला म्हणून खूश. चौकशीत कळलं की काढा कडू लागला म्हणून अर्धा बेसिनमध्ये ओतला होता. मी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या मुलाच्या खोटेपणाला मनातल्या मनात हात जोडले. डॉक्टरांनी तपासलं आणि काय काय दिसलं तर लगेच हॉस्पिटल गाठायचं त्याची यादी दिली. उलट्या, लाळ, घाम, गुंगी, श्वास. दिवसभर आम्ही त्या पोराच्या तोंडाकडे बघत होतो आणि तो टीव्हीकडे.

संध्याकाळी सातला नर्सरीवाल्याचा फोन लागला. ‘‘इमिडा आहे मॅडम. काही होत नाही. लोक भाजीला मारतात.’’

इमिडा म्हणजे इमिडाक्लोप्रिड. डॉक्टरांना कळवलं. एवढ्याशा मात्रेत काही होण्याची शक्यता कमी आहे, पण रात्रभर लक्ष ठेवा, असं ते म्हणाले. काही झालं नाही. छोट्याचा खोकलासुद्धा चार दिवसांनी आपोआप गेला.

काकू मला एका शब्दानंही बोलल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्या तुळशीची पानं मंडईतून आणायला लागल्या. पॅसेजमधल्या कुंडीला वळसा घालून जायच्या. दोन वर्षांत पहिल्यांदा आमची वाटी आमच्याकडे आणि त्यांची त्यांच्याकडे राहिली.

मामाची वही

मामाला फोन केला तेव्हा मला सहानुभूती हवी होती. मिळाली शाळा.

‘‘धुतली असती पानं तरी काय झालं असतं?’’ त्यानं विचारलं. मी म्हटलं, औषध निघून गेलं असतं. ‘‘नसतं. हे आंतरप्रवाही औषध आहे. पान ते पिऊन घेतं. रसात जातं, म्हणून तर रस पिणारी कीड मरते. आतलं नळाखाली कसं धुशील?’’ आणि ते आत किती दिवस राहील, हे झाडावर, मातीवर आणि तू किती ओतलंस त्यावर. बारा पानांच्या कुंडीत एक झाकण ओतणारी भाची असेल तर देवालाच ठाऊक!

मग त्यानं मला त्याच्या वहीबद्दल सांगितलं. २००३ साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडले आणि माल अडकला. त्यानंतर निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश तपासणीची पद्धतच बसवली गेली. आपल्या पुण्याजवळच्या मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र तिच्या मध्यभागी आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या रसायनावरून पुन्हा कंटेनर अडकले, तेव्हा तर तासगाव-नाशिक पट्ट्यात हाहाकार उडाला होता. तेव्हापासून मामा कुठल्या तारखेला कुठलं औषध किती मारलं, हे लिहिल्याशिवाय झोपत नाही. प्रत्येक औषधाला फवारणी आणि काढणी यांच्यात किती दिवस जायला हवेत, याचा आकडा असतो. तेवढे दिवस गेल्याशिवाय घड कापायचा नाही.

‘‘म्हणजे बघ,’’ मामा म्हणाला, ‘‘हॉलंडमधली बाई माझं द्राक्ष खाणार म्हणून मी वही ठेवतो. तू तुझ्या शेजारणीच्या नातवाला पानं देतेस आणि तुला बाटलीचं नाव माहीत नाही.’’

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ गॅसजवळ उभी होते. चहा उतू गेला.

नंतर मी एका कृषी सेवा केंद्रात जाऊन खरं, सीलबंद पॅक हातात घेऊन वाचलं. आपल्याकडे कीटकनाशकाच्या प्रत्येक पॅकवर चौकोन असतो, कोपऱ्यावर उभा केलेला, पतंगासारखा. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत. लाल म्हणजे अतितीव्र विषारी, मग पिवळा, निळा आणि सगळ्यात सौम्य हिरवा. आत घडी घातलेलं माहितीपत्रक, त्यात कुठल्या पिकाला चालतं, किती मारायचं, किती दिवस थांबायचं, विषबाधा झाली तर काय करायचं. माझ्या हातातल्या पत्रकात कापूस होता, भात होता. तुळस, पुदिना, बेसिल यांचा पत्ता नव्हता. म्हणजे आमच्या खिडकीसाठी किती दिवस थांबायचं हा आकडा त्या पॅकवर नव्हताच. सुटं औषध दुसऱ्या बाटलीत ओतून विकणं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात बसतच नाही.

बाटली का महत्त्वाची, हे कळायला बिहारकडे बघावं लागतं. जुलै २०१३ मध्ये सारण जिल्ह्यातल्या गंडामन गावात शाळेच्या जेवणातून मोनोक्रोटोफॉसची विषबाधा झाली आणि २३ मुलं गेली. विष स्वयंपाकाच्या तेलातून आलं होतं. ती बातमी आम्हाला कॉलेजमध्ये ‘केस स्टडी’ म्हणून होती. हेडलाइन कशी द्यावी यावर मी दोन पानं लिहिली होती. डब्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

(एक कामाची माहिती : दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, चोवीस तास फोनवर. डॉक्टरही तिथे विचारतात. नंबर शोधून फ्रिजवर लावून ठेवा. आमच्या फ्रिजवर तो पिझ्झावाल्याच्या नंबरच्या वर आहे.)

बोटं, पाणी, साबण

मग करायचं काय? बागच बंद? अजिबात नाही. खिडकीत सहा कुंड्या असण्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे त्या सहाच आहेत. मामाला तीन एकरांत पान उलटून बघता येत नाही, तुम्हाला येतं. सकाळी चहाचं आधण ठेवलं की दोन मिनिटं ग्रिलपाशी. प्रत्येक कुंडीची तीन-चार पानं उलटी करायची आणि कोवळे शेंडे बघायचे. कीड जवळजवळ नेहमी तिथेच असते.

मावा दिसला तर पहिलं हत्यार बोटं. शेंडा चिमटीत धरून हलकेच पुसून टाकायचा. ईईई वाटतं, मान्य. दुसऱ्या आठवड्यात वाटेनासं होतं. दुसरं हत्यार पाणी. कुंडी बाथरूममध्ये न्यायची, मातीवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, आडवी धरायची आणि हँड शॉवरनं पानांच्या मागच्या बाजूला फवारा मारायचा. माव्याची सोंड पानात रुतलेली असते. झटक्यानं उडाला की ती तुटते आणि परत चढून जेवायचे वांधे. एक दिवसाआड असं तीनदा केलं की निम्म्याहून जास्त काम होतं. पुदिन्यावर उन्हाळ्यात येणाऱ्या लाल कोळ्यालाही हेच चालतं. पानांवर बारीक फिकट ठिपके आणि मागे कोळीष्टकासारखी जाळी दिसली की तो आलाच. (तो कीटक नाही, त्याला आठ पाय. आपल्याला काय, उपद्रव तोच!) त्याला कोरडी, तापलेली हवा आवडते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पुदिन्याला आंघोळ रोजची.

एवढ्यानं भागलं नाही तर साबण. एक लिटर पाण्यात चमचाभर, म्हणजे ५ मिली, साधा सौम्य द्रव साबण. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. साबण मऊ अंगाच्या किडीवरचा मेणाचा थर आणि कातडीच बिघडवतो. पण तो ओला असेपर्यंत आणि अंगावर पडला तरच. वाळला की संपला. म्हणून आधी एका पानावर मारून एक दिवस थांबायचं, मग संध्याकाळी पानांच्या मागून नीट भिजवायचं आणि तासा-दोन तासांनी साध्या पाण्यानं धुवायचं. तुळशीवरच्या त्या लेसवाल्यांनाही आम्ही असंच काढतो, आधी खराब पानं खुडून.

शेवटचं, कडुनिंबाचं तेल. लिटरला ५ मिली तेल, त्यात साबणाचे चार-पाच थेंब (नाहीतर तेल वर तरंगत बसतं), कोमट पाणी, खळखळून हलवायचं आणि त्याच दिवशी संपवायचं. उन्हात ते लवकर विरतं म्हणून फवारायचं ते संध्याकाळी. फवारलं आणि सकाळी कीड मेली, असं होत नाही. बरेच जण इथेच फसतात आणि मग बाटलीवाल्याकडे जातात. कडुनिंबातलं अॅझाडिरॅक्टिन किडीची भूक घालवतं आणि कात टाकणं बिघडवतं. लहान कीड मोठी होतच नाही. त्याला आठवडा द्यावा लागतो, मग दुसरा हात.

आणि ‘नॅचरल आहे, काही होत नाही’ हे वाक्य ऐकलं की मी आता कान टवकारते. कडुनिंबाचं तेल लहान मुलांच्या पोटात गेलं तर गंभीर विषबाधा होऊ शकते. तंबाखूचा काढा फवारा असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. त्यातलं निकोटिन हे स्वतःच जबरदस्त विष आहे, खाण्याच्या पानांवर त्याचं काय काम? मुंग्यांचा खडू कुंडीवर ओढणं आणि झुरळांचा स्प्रे बेसिलवर मारणं याबद्दल तर मी बोलणारच नाही. (रूममेट, तुला उद्देशून.) मुंग्यांसाठी कुंडीखालच्या ताटलीत पाणी भरून ठेवण्याची आयडियाही बाद, तिथे डेंगीच्या डासांची नर्सरी होते. कुंडीच्या काठाला व्हॅसलीनचा पट्टा ओढला की पुरतं.

गवती चहाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्याला काही होत नाही.

मी केलेला खून

आता एक कबुली. पावसाळा संपता संपता पानओव्याच्या बेचक्यांत पांढरा कापूस दिसायला लागला. पिठ्या ढेकूण. एव्हाना मी एक्स्पर्ट! इअर बड साबणाच्या पाण्यात बुडवून एकेक टिपत गेले. त्यात चार-पाच जण जरा मोठे होते, अंगावर पांढऱ्या मेणाच्या लांब झिपऱ्या आणि चांगले तुरुतुरु पळणारे. हे बहुधा त्यांचे बॉस, असं म्हणून मी त्यांना आधी चिरडलं आणि फोटो काढून विजयी मुद्रेनं मामाला पाठवला.

उत्तर आलं : ‘‘अगं, ती आपली माणसं होती.’’

पिठ्या ढेकूण खाणारा एक लेडीबर्ड भुंगा असतो, क्रिप्टोलेमस. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, १८९८ मध्ये भारतात आणलेला. त्याची अळी हुबेहूब आपल्या भक्ष्यासारखी दिसते, पांढरी आणि झिपरी. फरक एवढाच की ती मोठी असते आणि भराभर चालते. पिठ्या ढेकूण एका जागी चिकटून बसतो. मामासारखे द्राक्षवाले हे भुंगे पैसे मोजून आणतात आणि बागेत सोडतात. माझ्या खिडकीत त्यांची एखादी गावठी चुलत बहीण फुकटात आली असेल, तर तिची मी इअर बडनं वासलात लावली. उरलेल्या एका अळीला हात लावला नाही. दहा दिवसांनी पानओव्यावर कापूस शोधावा लागत होता. तेव्हापासून नियम : पळणाऱ्याला मारायचं नाही, आधी फोटो.

कढीपत्त्याची वाटणी

कढीपत्ता हा लिंबाच्या कुळातला. त्यामुळे लिंबावरचं फुलपाखरू त्यालाही अंडी घालतं. बारकी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाली की गर्द हिरवी होते आणि हात लावला तर डोक्यामागून नारिंगी दुभंगलेलं शिंग काढून घाण वास सोडते. आपलं राज्य फुलपाखरू, २०१५ मध्ये जाहीर झालेलं ब्लू मॉरमॉन, तेही याच कुळातल्या झाडांवर वाढतं. आणि यांची भूक! दीड फुटाच्या रोपावर चार अळ्या म्हणजे आठवड्यात नुसत्या काड्या.

मी त्या चार अळ्या कागदावर घेऊन खाली सोसायटीच्या मोठ्या कढीपत्त्यावर सोडायला निघाले, तर जिन्यात छोटे सरकार आडवे आले. एक अळी ठेवायचीच, असा हुकूम निघाला. मग वाटणी झाली. तीन अळ्या खाली आणि एक कुंडीत. तिला फक्त मागच्या दोन फांद्या. ती पुढे सरकली की छोटा काडीनं तिला मागे ठेवायचा. त्या निमित्तानं तो रोज यायला लागला आणि त्याला हाक मारायला काकू. दोन आठवड्यांनी अळीचा कोष झाला. फुलपाखरू बाहेर आलं तेव्हा तो नेमका शाळेत होता आणि ते मी मुद्दाम घडवून आणलं, असा त्याला अजून संशय आहे.

बाटलीवाली तुळस मी टाकली नाही. तुळस कचऱ्यात टाकायला हात झाला नाही. मंजिऱ्या मात्र फुलायच्या आधीच खुडत राहिले, कारण हे औषध मधमाश्यांना घातक आहे. युरोपियन युनियननं २०१८ मध्ये उघड्या शेतात त्याच्या वापरावर बंदी घातली ती त्यासाठीच. ती कुंडी आता फक्त दिव्यापुरती, तिला लाल रिबन. खाण्याची तुळस वेगळी. आईनं तासगावहून बी पाठवलं, ती ग्रिलमध्ये वाढली आणि तिच्यावर साबण आणि पाण्याशिवाय काही गेलेलं नाही. फ्रिजवर पिझ्झावाल्याच्या खाली आता एक वही लटकते. तारीख, कुंडी, काय मारलं, कितीदा धुतलं. निंबतेल मारलं की त्या कुंडीला कपड्याचा लाल चिमटा आणि पुढचे सात दिवस तिच्या पानाला कुणी हात लावायचा नाही.

परवा काकू आल्या. आमचीच वाटी परत द्यायला, तिच्यात गाजराचा हलवा. खिडकीपाशी गेल्या, तुळशीकडे बघितलं, वहीकडे बघितलं, चष्मा नव्हता म्हणून वही माझ्या हातात दिली.

‘‘वाच गं. शेवटचं काय मारलंयस?’’

‘‘साबणाचं पाणी, काकू. बारा तारखेला. धुतलंय.’’

त्यांनी बोटांवर दिवस मोजले आणि पाच पानं खुडली.